प्रवाळ पाळायचे तर चुना किती लागतो?

मुंबईकराला ‘रिॲक्टर’ म्हटले की ट्रॉम्बे आठवते. १९५६ साली तेथे ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्यामुळे मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या घरात “आमच्या माशांच्या टाकीला कॅल्शियम रिॲक्टर बसवायचा आहे” असे बोलणे कानावर पडले, तर शाळकरी मुलाने दचकणे साहजिक आहे. दुसऱ्या दिवशी तो वर्गात विचारतो, “सर, टाकीत अणुभट्टी कशी बसवतात?”

या रिॲक्टरचा अणूशी काही संबंध नाही. चुनखडीचे खडे हळूहळू विरघळवणारे ते एक बंद नळकांडे असते. समुद्री टाकीत प्रवाळ वाढवणारे हौशी लोक ते वापरतात. उपकरण महाग असते, दुकानदार आग्रह करतो आणि घेणाऱ्याला ते कशासाठी हे नीट ठाऊक नसते. प्रत्यक्षात दहावीचे रसायनशास्त्र आणि थोडा गुणाकार-भागाकार येत असेल, तर निवड करता येते. त्यासाठी तीन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात. टाकीला चुना किती लागतो? तो कोणत्या मार्गाने द्यायचा? आणि तो कोणासाठी द्यायचा? तिसरा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही, पण शेवटचा निर्णय तोच करतो.

निवळीचा अर्धा प्रयोग

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की निवळी दुधाळ होते, हा प्रयोग आपण सगळ्यांनी वर्गात केला आहे. श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. बहुतेक वेळा आपण येथेच थांबतो, कारण तास संपतो. पण वायू सोडतच राहिलो तर दुधाळपणा नाहीसा होऊन द्रव पुन्हा स्वच्छ होतो. कारण:

कॅल्शियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड ⇌ कॅल्शियम बायकार्बोनेट

उजवीकडचे बायकार्बोनेट पाण्यात विरघळलेले राहते. ते पाणी उकळले की वायू निघून जातो आणि पांढरा साका परत येतो. बाण दोन्ही दिशांनी आहे, ही यातली मुख्य गोष्ट. कार्बन डायऑक्साइड वाढला की चुनखडी विरघळते, कमी झाला की साचते. आंध्र प्रदेशातील बोरा गुहांमध्ये छतापासून लोंबणारे चुनखडीचे स्तंभ याच नियमाने तयार झाले. बोअरच्या कठीण पाण्याने किटलीत साचणारा थरही त्याचाच.

कॅल्शियम रिॲक्टर म्हणजे या प्रयोगाचा आपण न केलेला अर्धा भाग. नळकांड्यात चुनखडीचे खडे भरलेले असतात. टाकीतले खारे पाणी त्यात थोडे थोडे येते. सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडले जातात आणि एक छोटा पंप पाणी खड्यांतून फिरवत ठेवतो. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असतो, तर नळकांड्यातला ६.५ ते ६.८ पर्यंत उतरवलेला असतो. खडे विरघळतात, आणि कॅल्शियम व बायकार्बोनेट घेतलेले पाणी थेंब थेंब टाकीत परत जाते. प्रवाळाचा जीव हेच घटक वापरून बाण उलट फिरवतो आणि आपला सांगाडा बांधतो. ही पद्धत हौशी लोकांमध्ये १९९० च्या दशकात जर्मनीतून पसरली.

पहिला प्रश्न : किती लागतो?

समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बायकार्बोनेट आणि तत्सम आयनांमुळे येणारी क्षारता, कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत मोजली तर, लिटरला सुमारे १२० मिलिग्रॅम भरते. (क्षारता म्हणजे खारटपणा नव्हे. आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, ती क्षारता.) प्रवाळ हे दोन्ही घटक ठराविक प्रमाणात उचलतो. मग मोजायचे काय? कॅल्शियम की क्षारता?

एक काल्पनिक टाकी घेऊ. तिच्यात ३०० लीटर पाणी आहे आणि क्षारता रोज लिटरमागे २५ मिलिग्रॅमने उतरते. म्हणजे रोज ३०० × २५ = ७,५०० मिलिग्रॅम, अर्थात साडेसात ग्रॅम चुनखडी सांगाड्यांत जाते. चुनखडीच्या वजनात ४० टक्के कॅल्शियम असते. म्हणून कॅल्शियम लिटरमागे फक्त १० मिलिग्रॅमने कमी होते. १२० मधून २५ गेले तर पाचवा हिस्सा गेला. ४२० मधून १० गेले तर चाळिसावा हिस्साही नाही. साध्या चाचणीत तो फरक कळणारच नाही. म्हणून रोज मोजायची ती क्षारता. कॅल्शियम महिन्यातून एकदा पाहिले तरी चालते.

क्षारता मोजायला महागडे उपकरण नको. बारावीच्या प्रयोगशाळेतील ब्युरेट पुरते. टाकीतले ५० मिलिलीटर पाणी घ्यावे, मिथिल ऑरेंजचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करावे. पिवळा रंग नारिंगी झाला की थांबावे. जितके मिलिलीटर आम्ल लागले, त्या आकड्याला २० ने गुणले की लिटरमागे मिलिग्रॅममध्ये क्षारता मिळते. ६ मिलिलीटर लागले तर १२०. आठवडाभर, रोज एकाच वेळी, बाहेरून काहीही न घालता मोजमाप केले की घट समजते. ही नोंदवही तयार होण्यापूर्वी रिॲक्टर विकत घेणे म्हणजे कपड्याचे माप न देता शिंप्याला शिलाई देण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न : कोणत्या मार्गाने?

पहिला मार्ग पाणी बदलण्याचा. भातसा, वैतरणा, तानसा या तलावांतून मुंबईला येणारे नळाचे पाणी मृदू असते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून वाहत आलेल्या या पाण्यात चुना कमीच. त्यामुळे टाकीतला सगळा चुना आपण घातलेल्या कृत्रिम समुद्री मिठातून यावा लागतो. जुहू किंवा वर्सोव्याचे समुद्राचे पाणी आणावे असे मुले सुचवतात, पण शहराचे सांडपाणी मिसळलेले आणि पावसाळ्यात पातळ झालेले ते पाणी टाकीच्या उपयोगाचे नाही.

समजा, नव्याने कालवलेल्या खाऱ्या पाण्याची क्षारता २०० आहे आणि टाकीची १२० वर आलेली आहे. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तर फरकाचा दशांश, म्हणजे ८० चा दशांश ८ मिलिग्रॅम एवढी भर पडते. तेव्हा आठवड्याची घट ८ पर्यंत असेल तर पाणी बदलणे पुरते. आणखी काही लागत नाही. आपल्या काल्पनिक टाकीची घट मात्र आठवड्याला १७५ आहे. तिला हा मार्ग अजिबात पुरणार नाही.

दुसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा. टाकीतले पाणी रोज बाष्पीभवनाने घटते आणि ते भरून काढावेच लागते. साध्या शुद्ध पाण्याऐवजी निवळीने ते भरायचे. एक लीटर संपृक्त निवळीत साधारण २ ग्रॅम चुनखडीइतका माल असतो. साडेसात ग्रॅमसाठी पावणेचार लीटर निवळी हवी. मे महिन्यात टाकीतून रोज चार लीटर पाणी उडत असेल, तर निवळी एकटीच काम भागवेल. पण जुलैच्या दमट हवेत तेच बाष्पीभवन दोन लिटरवर आले, तर चारच ग्रॅमची सोय होईल. मुंबईत निवळीचे गणित ऋतूप्रमाणे बदलते ते असे.

निवळीचा आणखी एक गुण आहे. ती टाकीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि सामू वर ठेवते. मात्र तिचा स्वतःचा सामू १२.४ च्या आसपास असतो. म्हणून ती थेंब थेंबच सोडावी, डोळ्यांना जपावे आणि पानाचा चुना न वापरता प्रयोगशाळेच्या दर्जाचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे.

तिसरा मार्ग रिॲक्टरचा. गरज मोठी आणि रोजची असेल, दोन्ही साधे मार्ग तोकडे पडत असतील, तेव्हाच त्याचा विचार करावा. येथेही हिशेब करता येतो. नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची क्षारता ५०० आणि आत जाणाऱ्या टाकीच्या पाण्याची १५० धरली, तर प्रत्येक लिटरमागे ३५० मिलिग्रॅमची कमाई. रोज ७,५०० मिलिग्रॅम हवेत, म्हणजे सुमारे साडेएकवीस लीटर पाणी रिॲक्टरमधून गेले पाहिजे. मिनिटाला हे १५ मिलिलीटर होते. सांगायचे असे की ‘३०० लीटर टाकीसाठी’ या खोक्यावरच्या छापील शब्दांना फारसा अर्थ नाही. दोन ३०० लिटरच्या टाक्यांची भूक दहापटीने वेगळी असू शकते. रिॲक्टर टाकीच्या आकारावरून न निवडता घटीच्या आकड्यावरून निवडावा.

रिॲक्टर पाहताना काय पाहावे?

दुकानात चकाकणाऱ्या नळकांड्यापेक्षा पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

खडे किती मावतात? आपल्या टाकीला महिन्याला सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे वर्षाला पावणेतीन किलोच्या आसपास खडे लागतील. दर पंधरवड्याला झाकण उघडावे लागेल इतके लहान नळकांडे घेऊ नये.

पाणी नीट फिरते का? पंप कमजोर असेल तर पाणी एकाच वाटेने जाते आणि बाकीचे खडे कोरडे राहिल्यासारखेच राहतात. पंप वेगळा काढून धुता येणारा असावा, कारण त्याच्या पात्यांवर चुना बसतोच.

वायूवर ताबा कसा आहे? दाब कमी करणारा चांगला रेग्युलेटर, बुडबुडे मोजण्याची कुपी, पाणी सिलिंडरकडे उलटे जाऊ न देणारी झडप आणि विजेवर चालणारी झडप ही चारही हवीत. विजेची झडप ‘वीज गेली की बंद’ अशाच प्रकारची असावी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि उपनगरांतली वीज अचानक गेली होती. अशा वेळी पंप थांबला आणि वायू मात्र येतच राहिला, तर नळकांड्यातला सामू घसरत जातो, खड्यांचा चिखल होतो आणि वीज आल्यावर ते आम्लयुक्त पाणी टाकीत जाते.

वापर न झालेल्या वायूचे काय होते? बाहेर पडणाऱ्या पाण्यात काही कार्बन डायऑक्साइड शिल्लक असतो. हे पाणी खड्यांच्या दुसऱ्या नळकांड्यातून नेले तर त्यातला काही भाग तेथेच खर्च होतो. तरी उरलेला टाकीत जातो. शिवाय प्रवाळ सांगाडा बांधताना बाण उलट फिरतो, तेव्हा विरघळवण्यासाठी वापरलेला वायूही सुटा होतो. रिॲक्टर टाकीचा सामू खाली खेचतो तो या दोन कारणांनी.

उपनगरातील घरात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा ठरतो. दहा बाय दहाची खोली, रात्री बंद खिडक्या, वातानुकूलन चालू आणि आत दोन-तीन माणसे झोपलेली, असे असेल तर हवेतच कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. तो टाकीच्या पाण्यात उतरतो. त्यात रिॲक्टरची भर पडली की सामू आणखी खाली जातो. अशा घरात निवळी हाच बरा मार्ग.

माणसाच्या सुरक्षेचाही हिशेब करू. दोन किलोच्या सिलिंडरमधला सगळा वायू बाहेर आला तर त्याचे आकारमान सुमारे १.१ घनमीटर होते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीत साधारण २५ घनमीटर हवा असते. पूर्ण सिलिंडर गळला तर खोलीत चार टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड होईल. चार टक्के हे प्रमाण जिवाला तत्काळ धोकादायक मानले जाते. या वायूला रंग नाही, वास नाही. म्हणून सिलिंडर झोपायच्या खोलीत ठेवू नये. तो उभा, साखळीने बांधलेला, हवेशीर जागी असावा आणि त्यावरील चाचणीची तारीख उलटलेली नसावी.

तिसरा प्रश्न : कोणासाठी?

आता मुळाशी येऊ. रोज साडेसात ग्रॅम चुनखडी खाणारे टाकीत कोण असते? मासे नव्हेत. मऊ प्रवाळही नव्हेत. त्यांना दगडी सांगाडाच नसतो. टाकीतील गोगलगायी आणि खडकावर गुलाबी लेप धरणारी शेवाळे थोडा चुना वापरतात, पण बहुधा पाणी बदलून भागण्याइतकाच. मोठी भूक असते ती दगडी प्रवाळांची. म्हणजे रिॲक्टर लागतो तो मुख्यतः दगडी प्रवाळ वाढवणाऱ्याला.

आणि दगडी प्रवाळ भारतात सहज पाळता येणारी वस्तू नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ साली सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, बासरीसारख्या नळ्यांचे लाल प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा त्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही. समुद्रातून प्रवाळ काढणे, विकणे किंवा विनापरवाना बाळगणे हा तीन ते सात वर्षांच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. “हा परदेशी माल आहे” असे दुकानदार म्हणाला तरी प्रश्न सुटत नाही. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराखाली नियंत्रित आहे, भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या तरतुदी आपल्या कायद्यात आल्या आहेत. कागदपत्र नसेल तर माल घेऊ नये, हा साधा नियम.

यातली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रिॲक्टरमध्ये भरायचे खडे पुष्कळदा मेलेल्या प्रवाळांच्या सांगाड्यांचा चुरा असतात. कायदा जिवंत प्राण्याइतकाच त्याच्या अवशेषांनाही लागू आहे. एका प्रवाळाला वाढवण्यासाठी दुसऱ्या खडकाची हाडे दळणे, हे कायद्यात बसत नाही आणि विवेकातही नाही. खडे कशाचे आणि कोठून आले, हे म्हणून विचारावेच.

कायदा एवढा काटेकोर का, याचे उदाहरण मुंबईतच आहे. प्रवाळ म्हटले की आपल्याला लक्षद्वीप, फार तर मालवण आठवते. पण वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरही, गढूळ पाणी आणि भरती-ओहोटी सोसत, दगडी प्रवाळांच्या लहान वसाहती जगत आल्या आहेत. किनारी रस्त्याच्या कामात त्या सापडल्या. तेव्हा वन विभागाची परवानगी घेऊन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने, २०२० साली १८ वसाहती दक्षिण मुंबईच्या किनाऱ्यावरच दुसरीकडे हलवण्यात आल्या. लहानशा वसाहती जागेवरून हलवायला महानगरपालिकेलाही परवानगी लागली. मग अंधेरीच्या दिवाणखान्यात त्या कोणाच्या परवानगीने येतात, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा.

तेव्हा निवडीचे उत्तर असे निघते. सार्वजनिक मत्स्यालय, संशोधन संस्था, किंवा ज्याच्याकडे प्रवाळांची रीतसर कागदपत्रे आहेत आणि क्षारतेची नोंदवहीही आहे, अशांसाठी रिॲक्टर हे उत्तम, किफायतशीर साधन आहे. बाकी घरांत कायदेशीर मार्गाने मिळालेले समुद्री मासे आणि मऊ प्रवाळ असलेली टाकी ठेवावी. पाणी नियमित बदलावे, कमी पडल्यास निवळी द्यावी. त्या टाकीला रिॲक्टरची गरज नाही.

वर्गात करून पाहा

रिॲक्टर विकत न घेता वर्गात मांडता येतो. माशांच्या बाजारातून कालवांच्या किंवा तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या आणाव्यात, धुऊन, वाळवून जाडसर कुटाव्यात. झाकणाच्या तीन बाटल्या घ्याव्यात. पहिलीत साधा सोडा वॉटर व शिंपल्यांचा चुरा, दुसरीत उकळून गार केलेले पाणी व तेवढाच चुरा, तिसरीत नुसता सोडा वॉटर. झाकणे घट्ट लावून दोन दिवस ठेवाव्यात. मग तिन्हींतले पाणी गाळून, वायू निघून जाईपर्यंत उघडे ठेवून, वर सांगितल्याप्रमाणे क्षारता मोजावी. तिसरी बाटली का हवी, हे मुलांनाच विचारावे. काही सोडा वॉटरमध्ये मुळातच क्षार घातलेले असतात. ती वजाबाकी केल्याशिवाय शिंपल्यांतून किती चुना विरघळला ते कळणार नाही.

पहिल्या बाटलीचा आकडा फळ्यावर लिहून झाला की शेवटचा प्रश्न विचारता येईल. औद्योगिक क्रांतीपासून आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा समुद्राने शोषला आहे. त्यामुळे पृष्ठभागावरील पाण्याचा सरासरी सामू सुमारे ०.१ ने उतरला. आकडा लहान वाटतो, पण सामूची मोजपट्टी लॉगरिथमची आहे. ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत चतुर्थांशाहून थोडी जास्त वाढ. इतक्याने प्रवाळ लगेच विरघळत नाहीत, पण सांगाडा बांधणे त्यांना अधिक कष्टाचे होत जाते. नळकांड्यात आपण हाच बाण मुद्दाम विरघळण्याच्या दिशेने ढकलतो, आणि तेथे आपल्या हाताशी झडप असते. समुद्राच्या बाबतीत ती झडप कोठे आहे, आणि ती कोण फिरवणार?

त्यावर मुले काय म्हणतात ते ऐकावे. तास संपला तरी चालेल.